काचेवरचा ईस्ट बंगाल

दुर्गापूजेच्या तोंडावर कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये मोटरसायकल रस्त्याच्या कडेला लावली, की ती निम्मी ब्लॉकातल्या पूजेच्या क्लबाची होते. कुणी तिच्यावर दोरीचं भेंडोळं ठेवतं, कुणी चहाचा मातीचा पेला, कुणी स्वतःच बसतं. तोश्कोविच नावाच्या युगोस्लाव्ह वास्तुकाराने या उपनगराची आखणी केली. 1960च्या दशकात हुगळीतला गाळ पाइपांतून आणून खाऱ्या पाणथळी बुजवल्या आणि वर ब्लॉक, बागा, बाजार, गोल चौक असं सगळं आखीवरेखीव उभं राहिलं. बांबूच्या मंडपाला मात्र त्या नकाशात जागा नव्हती. ती ब्लॉकातल्या पोरांनी शोधून काढली. माझ्या गाडीच्या शेजारी.

यंदा बेत राजवाड्याचा होता. दारात थर्मोकोलचा हत्ती, आत लाल खांब, खांबांना पिवळ्या कडा. मी मेट्रोने सेक्टर फाइव्हला ऑफिसात गेलो, पोरांनी स्प्रे पेंटचे डबे हातात घेतले आणि वारा सुटला. संध्याकाळी येऊन पाहतो, तर गाडीच्या पुढच्या काचेवर लाल-पिवळ्या ठिपक्यांचा सडा.

दुसऱ्या गावात हा नुसता रंग ठरला असता. कोलकात्यात रंगाला आधी पक्ष विचारतात. इथल्या महापालिकेने 2014 साली घर निळं-पांढरं रंगवणाऱ्याला करात सूट देऊ केली होती, यावरून काय ते ओळखा. लाल-पिवळा म्हणजे ईस्ट बंगाल फुटबॉल क्लब, स्थापना 1920. तळमजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक मोहन बागानचे, स्थापना 1889. इथल्याच स्टेडियमवर 1997च्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात सव्वा लाखाहून जास्त माणसांसमोर ईस्ट बंगालने मोहन बागानला 4-1 असं हरवलं. प्राध्यापक तेव्हापासून लाल-पिवळ्याकडे सरळ बघत नाहीत. ते म्हणाले, "हे आजच्या आज निघालं पाहिजे." समोरच्या इमारतीतले बँकेतले दादा लगेच गॅलरीतून ओरडले, "राहू द्या हो, शोभतंय!" दोघांपैकी एकालाही गाडीची काळजी नव्हती.

मग सल्ले सुरू झाले. प्राध्यापक थिनरच्या बाजूचे. कोपऱ्यावरचा मेकॅनिक पेट्रोलच्या. एका वहिनींनी नेलपॉलिश काढायची बाटली पाठवली, तीही प्रेमाने. सांगलीहून आई फोनवर म्हणाली, "चिंच आणि राख लाव." आईच्या दृष्टीने जगातल्या सगळ्या वस्तू म्हणजे मुळात पितळेची भांडी.

अडचण अशी की ही काच काच नसते. गाडीच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं होतं, पॉलिकार्बोनेट. हे प्लास्टिक हातोडीला दाद देत नाही, पण नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की धुकट होतं. थिनर आणि पेट्रोल त्याहून आतल्या गाठीचे. जिथे स्क्रू आवळलेत तिथे प्लास्टिकवर आधीच ताण असतो, तिथूनच बारीक भेगा फुटायला लागतात. काच पुसायचं अमोनियावालं निळं पाणीसुद्धा त्याला सोसत नाही. आणि आईची राख वरचा कडक थर खरवडून काढते, टूथपेस्टही तेच करते.

हे मी प्राध्यापकांना समजावलं. पटलं नाही. त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, त्यामुळे पुरावा हवा होता. पुरावा सुदैवाने मंडपाच्या दारातच उभा होता. पोरांनी उत्साहाने पहिला फवारा थर्मोकोलच्या हत्तीवर मारला होता आणि रंगातल्या द्रावकाने त्याची सोंड खाऊन टाकली होती. राहिलं होतं ते एक खड्ड्याखड्ड्यांचं बोंडूक. मग पोरांनी हत्तीला पाणरंग लावला आणि डबे प्लायवूडच्या खांबांकडे वळवले. मी म्हणालो, "सर, थर्मोकोल आणि ही काच, जात वेगळी, पण थिनरपुढे दोघांची गत वाईटच." प्राध्यापक बराच वेळ सोंडेकडे बघत राहिले. थिनरचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता नशिबाची गोष्ट. लांबून वाऱ्यावर आलेला स्प्रे वाटेतच अर्धा वाळतो, त्यामुळे तो काचेत मुरत नाही, वर नुसता चिकटून बसतो. पहिलं काम, भरपूर पाणी आणि साबणाचा फेस. मंडपाची माती आणि भुसा काचेवर असताना कोरडं फडकं फिरवलं, तर रंगाआधी ओरखडे येतात. मग सरसूचं तेल. हे बँकेतल्या दादांनी दिलं, बहुधा काही होणार नाही या भरवशावर. तेलाने ठिपके जरा सैल झाले आणि नखाने पुष्कळसे निघाले. उरलेल्यांसाठी करोनाच्या काळात घेऊन ठेवलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. आधी खालच्या कोपऱ्यात, बोल्टच्या आड, जुन्या बनियनच्या तुकड्यावर दोन थेंब घेऊन पाहिलं. काच तशीच नितळ राहिली, मग पुढे सरकलो. थोडं पुसायचं, लगेच पाण्याने धुवायचं. पुस्तिकेत अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं असतं, तर ही बाटली उघडलीच नसती. त्याला अल्कोहोलनेही तडे जातात.

अ‍ॅक्रिलिकची आणखी एक गंमत आईला सांगितली. लढाऊ विमानांच्या अ‍ॅक्रिलिकच्या झाकणांच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत गेल्या, तरी डोळे त्या निमूट सोसत होते. हे पाहून लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी 1949 साली मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात त्याचंच भिंग बसवलं. त्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी, बायकोच्या सुचवण्यावरून, डब्यातला स्प्रे पेंट काढला. आईच्या डोळ्यात गेल्या वर्षी तसलंच भिंग बसलंय. ती जरा थांबून म्हणाली, "म्हणजे मी डोळ्याला राख लावायची नाही."

काच लख्ख झाली. प्राध्यापकांनी वाकून तपासली आणि एका कडेला राहिलेला पिवळा ठिपका नखाने स्वतः काढला. गॅलरीतून निषेधाचा आवाज आला. तेवढ्यात क्लबाचा सेक्रेटरी मुलगा आला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

"दादा, आमच्यामुळे झालं," तो म्हणाला. "परत होऊ नये म्हणून वरून एक हात लॅकर मारून देतो. फुकट."

डबा त्याच्या हातात होता आणि तो हलवायला त्याने सुरुवातही केली होती. मी हेल्मेटशिवायच गाडी ढकलत पुढच्या ब्लॉकात नेली.