दीड बालदीचे काका

आमच्या इमारतीत सगळ्यांचंच पाणी सगळ्यांवर ठिबकतं. तिसऱ्या मजल्याची बेडशीट आमच्या वर्तमानपत्रावर, आमची जीन पहिल्या मजल्याच्या कुरडयांवर, आणि पहिल्या मजल्याचं जे काही असेल ते तळमजल्याच्या स्कूटरवर. सोसायटीच्या सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले की हाच विषय निघतो आणि दोन घरांचं बोलणं बंद होऊन सभा संपते. आजवर एकाच घराविरुद्ध तक्रार आलेली नाही. चौथा मजला, सारंगकाका. त्यांचे कपडे ठिबकतच नाहीत. आपण पिळलेल्या गंजीफ्रॉकातून थेंब काढून दाखवणाऱ्याला चहा पाजायची त्यांची तयारी आहे. आणि काका उगाच चहा पाजणाऱ्यांतले नव्हेत.

सारंग हे त्यांचं आडनाव नाही. बंदरातल्या लहान बोटी चालवणाऱ्याला सारंग म्हणतात, तो त्यांचा हुद्दा. मुंबईबाहेर नांगरलेल्या मोठ्या जहाजांतून कोळसा बार्जमध्ये उतरायचा आणि भरती साधून अंबा नदीच्या मुखातून धरमतरला जायचा. त्या धंद्यातल्या एका छोट्या टगवर काकांची एकतीस वर्षं गेली. पंधरा दिवस पाण्यावर, पंधरा दिवस घरी. माणसं पाच, झोपायच्या फळ्या चार. आता ते मुलुंड पूर्वेला मिठागर रस्त्याच्या आतल्या बाजूला राहतात, आणि खाऱ्या पाण्याशी संबंध म्हणाल तर पत्त्यापुरता.

कोकणात ‘मुलगा बोटीवर असतो’ एवढं म्हटलं की पुढची चौकशी थांबते, असा एक काळ होता. सिंगापूरला जाणारं जहाजही बोटच आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँचही बोटच. काकांच्या लग्नात याच मोघमपणाने काम केलं. काकू सिंगापूरच्या साडीची वाट बघत होत्या. नवरा पंधरा दिवसांनी आला तो धरमतरच्या कोळशाने काळा झालेला आणि डिझेलचा वास मारणारा. पावसाळ्यात बोटीवर कपडे वाळवायला इंजिनरूमशिवाय जागा नसते. ‘पहिलं वर्षभर मला वाटायचं, यांच्या अंगालाच वास आहे,’ असं काकू आजही चारचौघांत सांगतात. काका तेव्हा पंख्याकडे बघतात.

पण धुणं! ते बघायला खरंच जावं. पहाटे साडेपाचला पालिकेचं पाणी येतं. घरोघरी मोटारी, पिंप आणि माणसं एकदमच घरघरायला लागतात. काका त्या वेळी मोरीत पाटावर बसलेले असतात. समोर दीड बालदी पाणी. अर्धी साबणाची, अर्धी पहिल्या खळबळण्याची, अर्धी शेवटची. क्रम ठरलेला: रुमाल, गंजीफ्रॉक, सदरा, पँट, आणि सगळ्यांत शेवटी पायपुसणं. त्याच पाण्याने मोरी, आणि मोरीनंतर उरलंच तर जिना. मधे कोणी ‘काका, नळ सोडू का?’ म्हटलं तर ते असे बघतात, की विचारणाऱ्याने स्वतःच नळ असल्यासारखं गप्प व्हावं.

मग पिळणं. सदऱ्याची बटणं आत करून तो लांबट दुमडायचा, खिडकीच्या गजाभोवती एक वेढा द्यायचा, दोन्ही टोकं एकत्र करून त्यांत काकूंचं जुनं लाटणं अडकवायचं आणि लाटणं फिरवत राहायचं. बोटीवर गजाच्या जागी रेलिंग होतं आणि लाटण्याच्या जागी लोखंडी कांब, एवढाच फरक. सदरा आधी रडतो, मग कण्हतो, मग गप्प बसतो. गप्प बसला की झाला.

वाळत घालायलाही त्यांना चिमटे चालत नाहीत. ‘चिमटा वाऱ्याला माहीत नाही,’ असं ते म्हणतात. त्यांची दोरी दुहेरी पिळाची. पिळाच्या दोन पेडांत कपड्याचं टोक खुपसलं की वादळात कपडा फाटेल, पण सुटणार नाही. आणि कपडा घालायच्या आधी काका दोरीवरून ओलं बोट फिरवतात आणि ते बोट चाटतात. समुद्रावर दोरीला, रेलिंगला, सगळ्यालाच मीठ बसतं. ते पुसलं नाही तर गोड्या पाण्यात धुतलेला कपडा पुन्हा खारा. हे शास्त्र अगदी बरोबर आहे. मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर दोरीची काय चव लागते ते मात्र मी कधी विचारलं नाही.

बाकीचं शास्त्रही पक्कं आहे, ते मी विज्ञानाच्या शिक्षिकेला विचारून आलोय. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साध्या साबणाशी जुळतं आणि फेसाऐवजी पांढरा चोथा होतो. काका म्हणतात, ‘साबणाचं दही लागतं.’ खोबरेल तेलाचा साबण तेवढा खाऱ्या पाण्यातही फेस देतो, किंवा मग धुण्याची पावडर. पण मळ गेला तरी मीठ राहतं, आणि मीठ हवेतली ओल ओढतं. ‘खाऱ्यात धुतलेला सदरा दुपारी पापड आणि रात्री भिजवलेले पोहे!’ म्हणून शेवटचं पाणी गोडं पाहिजे. टाकीतलं गोडं पाणी पाच जणांच्या पिण्याचं, चहाचं, भाताचं; त्यातून धुण्यासाठी माणशी अर्धी बालदी मिळाली तर चैन. मुलुंडचा सगळा संसार काका आजही त्या अर्ध्या बालदीने मोजतात.

दुसरी रीत आळशांची. सदऱ्याची बाही दोराला बांधायची, चालत्या बोटीच्या मागे सोडायची आणि बिडी ओढत बसायचं. समुद्र धुऊन देतो. खाडीत हे चालत नाही, तिथे पाण्यापेक्षा गाळ जास्त. शिवाय बोट थांबताना दोर वर घ्यायला विसरलात तर सदरा पंख्यात. काकांची एक नवी टेरिकॉटची पँट याच रीतीने खांदेरीजवळ गेली. तिथे १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांच्या आरमाराला दाद दिली नाही. काकांच्या पँटला मात्र पंख्याने पाच मिनिटांत शरण आणलं. खांदेरीचा विषय निघाला की काका इतिहासाला एक मिनिट देतात आणि पँटला वीस.

मुलाने पहिल्या बोनसमधून मशीन आणलं. पुढून उघडणारं, गोल काचेच्या दाराचं. काका दोन दिवस त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. तिसऱ्या दिवशी निकाल दिला: ‘पोर्टहोल उलटं लावलंय. पाणी आत आणि माणूस बाहेर!’ मशीन काकू वापरतात. काकांचे कपडे त्यात गेले नाहीत. एकदा एक मोजा चुकून गेला, तो त्यांनी पुन्हा धुतला.

जून लागला की काका महाराष्ट्र सेवा संघाच्या वाचनालयात सगळ्यांच्या आधी हजर. राजकारण, क्रिकेट सोडून ते मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची चौकट उघडतात. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सगळे काठोकाठ भरले तर साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या आसपास. बोटीवर टाकीत पट्टी सोडून पाणी मोजायची सवय. तीच पट्टी त्यांनी सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतही सोडून पाहिली, तेव्हा सेक्रेटरींनी कुलूप बदललं.

वाचनालयातच त्यांनी २०१८ च्या मे महिन्यात ‘तारिणी’ची बातमी वाचली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी, नौदलाच्या सहा अधिकारी, १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि ५६ फुटी शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालून २१ मेला परत आल्या. २५४ दिवस. काकांनी बातमी दोनदा वाचली, पुरवणीही चाळली आणि ग्रंथपालांसमोर पेपर ठेवला. ‘लाटा किती उंच, ते छापलंय. वारा किती, ते छापलंय. सहा माणसं, दोनशे चोपन्न दिवस. रोज बदलले तर पंधराशे चोवीस जोड. ते धुतले कसे?’ दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परतले, तेव्हाही काकांनी पेपरात हेच शोधलं होतं. ‘एकटा माणूस होता, त्याचं चालून गेलं असेल,’ असं म्हणून त्यांनी तेव्हा पत्रकारांना माफ केलं. या वेळी संपादकांना पोस्टकार्ड गेलं. उत्तर आलं नाही.

गेल्या वर्षी जवळची मोठी जलवाहिनी फुटली आणि आमचं पाणी दीड दिवस बंद. टँकरचा पत्ता नाही. भर दुपारी सेक्रेटरी स्वतः चौथ्या मजल्यावर गेले. काकांनी आधी गच्चीची किल्ली मागितली. पट्टी सोडली, पाणी मोजलं, घरं मोजली, माणसं मोजली, आणि जिन्यात खडूने लिहिलं: माणशी दोन बालद्या. खाली ठळक अक्षरांत: मशीन बंद. माणशी रोज १३५ लिटर हा शहराचा सरकारी हिशेब कोणीतरी काढला. काका म्हणाले, ‘तेवढ्यात आमची पाच माणसं आंघोळ करून उरलेल्यात भात शिजवायची.’ पुढचे काही तास आमची इमारत नांगरलेली बोट होती. पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना मी आयुष्यात प्रथमच स्वतःचा रुमाल पिळताना पाहिलं. लाटणी कमी पडली. संध्याकाळपर्यंत दोन बंडंही झाली, त्यातलं एक काकूंचं.

दुसऱ्या रात्री नऊला नळ खॉक करून बोलला. तासाभरात सगळ्या मजल्यांवरची मशिनं घुमायला लागली, आणि सकाळी आमच्या पेपरवर तिसऱ्या मजल्याची बेडशीट ठिबकत होती. वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या दोरीवर दोन गंजीफ्रॉक होते, आणि काका दोरी चाटून झाल्यावर बोट पुसत होते.