कांद्याचा खिसा

काटोलात मे महिन्यात बाईला चेहरा नसतो. डोक्यापासून हनुवटीपर्यंत आवळलेला दुपट्टा, त्यावर काळा गॉगल, कोपराच्या वर जाणारे हातमोजे आणि चपलेत मोजे. बसस्टँडवर सख्खी जाऊ शेजारी उभी असली, तरी ती कंडक्टरशी भांडेपर्यंत ओळख पटत नाही. अशा गावात, अशा महिन्यात आपण उठून दिसावं असं वाटणं म्हणजे निव्वळ मिजास. ती माझ्याकडे भरपूर आहे. चेहरा दाखवता येत नाही ना, मग कापड दाखवू, असं ठरवून यंदा मी उन्हाळ्याचा अख्खा संच घरी शिवायला काढला. कुर्ता, पायजमा, दुपट्टा, टोपी, हातमोजे, पिशवी, मोबाईलचं पाकीट. सगळं एका रंगात, आणि रंग अर्थातच संत्र्याचा. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ कुठलं हे तेव्हापासून जगाला अधिकृतपणे कळतं. माणसांसाठी ती सोय अजून निघालेली नाही, म्हणून मी ती स्वखर्चानं करून घेतली.

कापड सुतीच हवं, यावर आमच्याकडे वाद होत नाही. नागपुरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. 2024 च्या मे अखेरीस तर तिथल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. हवामान खात्यानं नंतर सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण आमच्या गल्लीत अजून कुणाचा त्यावर विश्वास नाही. अशा उन्हात नायलॉनचा दुपट्टा बांधून फिरणारीला कापड मिरवायचं नसतं, तिला फक्त सहनशक्ती मिरवायची असते.

मॅचिंग सेंटरचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही, कापड दारात नेऊन उजेडात बघायचं. हा नियम पुण्या-मुंबईच्या उजेडासाठी केलेला असावा. काटोलच्या दुपारी दोनच्या उजेडात संत्री, पिवळा, गाजरी आणि दुकानदाराचा चेहरा हे सगळं सारखंच पांढरं दिसतं. तरी मी मलमलचा तुकडा आणि टोपीचं जाड कापड हातात घेऊन दारात उभी राहिले, डोळे मिटले, आणि दोन्ही एकच आहेत असं जाहीर केलं. दुकानदार म्हणाला, "बाई, तुमची नजर चांगली हाये." गिऱ्हाइकानं डोळे मिटलेले असताना त्याच्या नजरेचं कौतुक करणं याला धंदा म्हणतात.

मशीन सासूबाईंचं, पायाचं. आम्ही वर्धा जिल्ह्याचे शेजारी, त्यामुळे त्यावर बसलं की गांधीजींचा आधार आपोआप मिळतो. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी 1924 मध्ये शिलाई मशीनला मात्र सूट दिली होती. कारण असं सांगितलं की सिंगरनं बायकोला हातानं शिवताना पाहिलं आणि केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र काढलं. 1851 मध्ये पेटंट घेणारा हा आयझॅक सिंगर मुळात नाटकातला नट. त्याला निरनिराळ्या बायकांपासून झालेली मुलं विसाच्या वर होती. एवढ्या पोरांचे कपडे हातानं शिवणं कुणाच्याच प्रेमाला झेपलं नसतं, तेव्हा गांधीजींचं म्हणणं फार चुकलं नाही असं मी मानते.

आता खिशाकडे वळते. संच वगैरे सगळं निमित्त आहे, मी मशीनवर बसले ती खिशासाठी. गावातल्या एका टेलरला मी कुर्त्याला खिसा लाव म्हटलं होतं. त्यानं टेप गळ्यातच ठेवून विचारलं, "बाईले खिसा कायले लागते जी?" त्याच्या स्वतःच्या शर्टाला दोन, पँटीला चार खिसे होते आणि एका खिशातून बिडीचं बंडल डोकावत होतं. हा एकट्या काटोलचा प्रश्न नाही. अमेरिकेत 'द पुडिंग' या संकेतस्थळवाल्यांनी 2018 मध्ये नामांकित कंपन्यांच्या जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी 48 टक्के आखूड निघाले. अठराव्या शतकात युरोपातल्या बायका घागऱ्याखाली कमरेला सुटे खिसे बांधत. पुढे झगे अंगालगत झाले, खिसे गेले आणि हातात इवलीशी बटवी आली. आपल्याकडेही तेच झालं. आजीच्या नऊवारीला कनवटी होती, कमरेला चंची होती. आईच्या पाचवारीला पदराची गाठ होती. ती सोडवताना आई जो वेळ लावायची तेवढ्यात माझा हट्ट निम्मा व्हायचा. मग आम्ही सुटसुटीत म्हणून पंजाबी ड्रेस घेतला आणि कनवट, चंची, गाठ सगळं एका झटक्यात गेलं. उरला ब्लाउज, तोही गेला. सुटसुटीतपणाचा अर्थ इतकाच, की आता किल्ली, पैसे आणि फोन आपण हातात धरून चालतो आणि दुसऱ्या हातानं दुपट्टा सावरतो.

विदर्भातल्या उन्हाळ्यात तर खिशाला आणखी मोठं काम असतं. तिथं कांदा ठेवायचा असतो. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, यावर माझ्या सासऱ्यांची वेदवाक्यासारखी श्रद्धा. डॉक्टर पाणी प्या, मीठ-साखर घ्या, दुपारी बाहेर पडू नका म्हणतात. कांद्याचं नाव काढत नाहीत. पण सासरे पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि डॉक्टर चाळिशीचा, तेव्हा पुरावा कुणाच्या बाजूला आहे ते उघड आहे. हातात कांदा धरून मात्र शाळेत जाता येत नाही. पर्समध्ये ठेवला तर तो अंगाला लागत नाही, आणि अंगाला न लागलेला कांदा सासऱ्यांच्या शास्त्रात बसत नाही.

म्हणून मी खिसे शिवले. बगलेची शिवण मारायच्या आधी पुढच्या आणि मागच्या पल्ल्याला खिशाची पानं जोडायची, मग सुई खिशाभोवती फिरवून खाली न्यायची. तोंड साडेसहा इंच, म्हणजे बांगड्यांसकट हात आत जातो. उजवा खिसा फोनचा, त्याला आतून अस्तर. डावा कांद्याचा, जाळीच्या कापडाचा, म्हणजे कांद्याला घाम येत नाही. वास बाहेर येतो, पण तो मला येत नाही. दुपट्टा नाकावर असतो.

पूर्ण संच घालून मी पहिल्यांदा बाजारात गेले, तेव्हा लोकांनी वळून बघितलं. एवढ्यासाठीच तर खटाटोप होता. एका ओळखीच्या फळवाल्यानं हाक मारली, "मॅडम, संत्र्याच्या जाहिरातीचं काम भेटलं काय?" दुपट्ट्याआड चेहरा होता, तरी त्यानं मला ओळखलं याचा आनंद मोठा की त्याच्या प्रश्नाचा राग मोठा, हे अजून ठरत नाही. डाव्या कमरेवरचा गोल फुगवटा बघून एका काकूंनी गाठ आहे का, डॉक्टरला दाखवलं का, अशी आपुलकीनं चौकशी केली. मी त्यांना कांदा काढून दाखवला.

या सगळ्या थाटाला खरी दाद मिळाली ती संत्र्याच्या बागेत. सल, म्हणजे झाडांवरच्या वाळक्या काड्या, काढायला येणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला फडकं बांधतात. काटोलचा उन्हाळी पोशाख म्हणावा तर तो हाच. रंगसंगती नाही, पण हात भाजत नाहीत, आणि शर्टाला खिसा असतो. त्यातल्या एका मावशींनी माझ्या खिशात हात घालून बघितला, अस्तर चाचपलं आणि बाजूला नेऊन म्हणाल्या, "बाई, मले असा एक शिवून देता काय? आतून. शर्टाले वरतून खिसा हाये, पण तो शर्ट त्याचाच ना. संध्याकाळी घरी गेलं की पहिले त्याचा हात खिशातच जाते."

मी उरलेल्या संत्री कापडाचा तुकडा लगेच पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. "हा नको जी. हा तं दुरून दिसते."

तेव्हा मला कळलं की मॅचिंगची गरज कुणाला असते. मी त्यांच्या शर्टाचा रंग घेऊन मॅचिंग सेंटरला गेले. मुळात निळा, पण कित्येक उन्हाळ्यांनी धुऊन घेतलेला, खांद्यावर राखाडी, काखेत जांभळट. दुकानदारानं सगळे निळे तागे खाली काढले आणि असा रंग कंपनी काढत नाही म्हणाला. आम्ही दारात जाऊन उघड्या डोळ्यांनी बघितलं, खरंच नव्हता. शेवटी नवं निळं कापड आणलं, सोड्यात उकळलं आणि गच्चीवर टाकून ठेवलं. काटोलचं ऊन काय करू शकतं हे पहिल्यांदाच माझ्या फायद्याचं ठरलं. हवं तसं विटल्यावर शर्टाच्या आत, डाव्या काखेखाली खिसा लावला. तोंडाला टिचबटण, धाग्याचा रंगही तोच, टाके बाहेरून दिसणार नाहीत अशी हातानं तुरपाई.

मावशींनी शर्ट उलटा-सुलटा करून बघितला, त्यांना स्वतःलाच खिसा पटकन सापडला नाही, आणि त्या खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी आपापले शर्ट आणून दिले, तेही वेगवेगळे विटलेले. माझ्या अख्ख्या संचात इतकं तंतोतंत मॅचिंग कुठंच जमलेलं नाही, आणि तेवढंच नेमकं कुणाला दाखवायचं नाही असं मी कबूल करून बसले आहे.