शिपायाचे चारित्र्य

एकोणिसाव्या वर्षी मोबाइलचोरीच्या संशयावरून अटक झालेल्याला सरकारी शिपाई होऊ न देण्याची दक्षता कौतुकास्पदच. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात खटला लिहिला तर संशय, लपवला तर फसवणूक. शेवटी शिपायाच्या हाती साहेबांचा चहा असतो!

कायदे करणे त्यामानाने किरकोळ काम. २०२४च्या लोकसभेत ५४३पैकी २५१ खासदारांच्या शपथपत्रांत फौजदारी खटले होते. दोषी ठरेपर्यंत खुर्ची शाबूत.

नव्या न्याय संहितेत तर पाच हजारांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर शिक्षा एकच: समाजसेवा.

पोराने ती निमूटपणे भोगावी, प्रमाणपत्र जपून ठेवावे. पंचविशी पूर्ण झाली, की प्रचाराच्या परिचयपत्रकात ‘समाजसेवेचा अनुभव’ या रकान्यासमोर न्यायालयाचा शिक्का असलेला तो एकमेव उमेदवार असेल.