कुछ मत करो, साहब

फेब्रुवारीत गुलमर्गला जाणाऱ्या मराठी माणसाच्या लेखी बर्फाच्या दोनच जाती : आहे आणि नाही. 'आहे' म्हणजे मुठीत धरून बायकोच्या अंगावर फेकण्यापुरता आणि फोटोत मागे पांढरं दिसण्यापुरता. तेवढा मिळाला की पैसे वसूल. स्नोबोर्डवाल्याचं एवढ्यात भागत नाही. बर्फ किती आहे याच्याआधी तो कसा आहे हे त्याला विचारावं लागतं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीच्या मध्यावर या प्रश्नाचं उत्तर गुलमर्गात कुणालाच चारचौघांत द्यायचं नव्हतं.

काश्मीरच्या थंडीचं वेळापत्रक खरं तर पक्कं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलाँ, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. पण त्या वर्षी थोरल्यानंच अंग चोरलं, मग बाकीचे दोघे कशाला राबतील? तिथला बर्फ येतो पश्चिमी विक्षोभांच्या पाठीवर बसून, पार भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तान ओलांडत. त्या वर्षी ते वाटेतच कुणाकडे तरी पाहुणचार घेत बसले असावेत. गुलमर्गला २२ फेब्रुवारीपासून व्हायच्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धासुद्धा बर्फाअभावी पुढे गेल्या. सरकारला स्पर्धा पुढे ढकलता येते. आमची विमानाची तिकिटं मात्र रद्द केल्यास एक पैसा परत न मिळणाऱ्या जातीची होती.

हा सगळा घाट माझ्या भाचीचा. ती बॉस्टनला असते आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार व्हरमाँट राज्यातल्या उतारांवर स्नोबोर्ड घेऊन घालवते. अमेरिकेच्या त्या पूर्व भागात आधी बर्फ पडतो, मग त्यावर पाऊस पडतो, मग कडाक्याची थंडी पडते आणि मग माणसं पडतात. तिथले लोक आपल्या किनाऱ्याला 'आइस कोस्ट' म्हणतात आणि वर त्याचा अभिमानही बाळगतात. गुलमर्गची ख्याती याच्या नेमकी उलट : कोरडा, भुसभुशीत, मांडीपर्यंत पाय रुतेल असा 'पाउडर' बर्फ, ज्यासाठी युरोप-ऑस्ट्रेलियातून माणसं येतात. त्या बर्फाच्या ओढीनं पोरगी अर्धं जग ओलांडून आली, पहिल्याच सकाळी हॉटेलच्या दारात बुटाची टाच आपटून पाहिली आणि म्हणाली, "मामा, हा तर आमच्याकडचाच बर्फ!"

मी कशाला गेलो, असा प्रश्न आमच्या सोसायटीत अनेकांना पडला होता. भाचीचे हट्ट मामानं पुरवावेत अशी आपल्याकडे रीत आहे, आणि तिचा हट्ट मामानंही बोर्डवर उभं राहावं असा होता. तिच्याकडे गेलो असताना मी थोडंफार शिकलो होतो. मऊ बर्फावर, सौम्य उतारावर, आजूबाजूला कुणी नसताना मी डावीकडे वळू शकत असे. उजवीकडेही वळत असे, पण तो निर्णय बोर्डाचा असे.

भाड्याच्या सामानाचं दुकान म्हणजे एक लाकडी खोली, मध्ये बुखारी म्हणजे तिथली शेगडी, भिंतीला टेकून जगभरातल्या प्रवाशांनी विकून टाकलेले बोर्ड. स्नोबोर्डच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्टी असते. कडक बर्फावर माणूस आणि दरी यांच्यात तेवढा एकच करार असतो. भाचीनं एका बोर्डच्या कडेवरून अंगठ्याचं नख ओढलं. नखाची साल निघाली तर धार आहे, हा त्या धंद्यातला जुना नियम. साल सोडा, नखाला ओरखडासुद्धा उमटला नाही.

"भैया, इसमें तो धार ही नहीं है."

"मैडम, पाउडर में धार किसको चाहिए?" दुकानदार म्हणाला. बिनतोड युक्तिवाद होता. फक्त पाउडर नव्हता.

शेवटी त्यानं कानस काढली आणि बुखारीशेजारी मांडी घालून दोन्ही कडा घासून दिल्या. तोवर मी चिलखत चढवत होतो. डोक्याला हेल्मेट, मनगटांना आतून पट्टी असलेले संरक्षक हातमोजे, कारण स्नोबोर्डवाल्याचं सगळ्यात आधी मनगट जातं, आणि पँटच्या आत माकडहाडाला जाड गादी. ही गादी घालून चालणाऱ्या माणसाकडे मागून बघू नये. दारात उभे असलेले फेरनवाले स्लेजवाले मागूनच बघत होते.

गुलमर्गचा नवशिक्यांचा उतार म्हणजे उन्हाळ्यातलं गोल्फचं मैदान. दिवसा ऊन त्याचा वरचा थर वितळवतं आणि रात्री थंडी तोच थर पुन्हा गोठवते. रोज थोडं पाणी, रोज थोडं पॉलिश. शिवाय आदल्या दिवशीच्या घोड्यांच्या टापा, पर्यटकांचे गमबूट आणि स्लेजच्या चाकोऱ्या, सगळं जिथल्या तिथे गोठून बसलेलं. मध्ये मध्ये पिवळं गवत डोकं वर काढून कोण कोण आलंय ते बघत होतं. जिथे खळगे नव्हते तिथे स्लेजनी काच केली होती. मुंबई, नाशिक, सांगली, कोल्हापूर इथून आलेल्या मंडळींनी बसल्या बसल्या घासून घासून ती चकाकवली होती. मराठी माणूस काश्मीरमध्ये काही उभारत नाही ही तक्रार यापुढे ऐकून घेणार नाही.

आमचे उस्ताद पन्नाशीचे, तोंडात नेहमी काहीतरी चघळत असणारे. त्यांनी माझं उभं राहणं पाहिलं, उताराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"साहब, बर्फ पे कुछ मत करो."

"म्हणजे?"

"कुछ भी नहीं. जो करेगा, वो गिरेगा."

मला वाटलं, हा काहीतरी सूफी प्रकार असावा. प्रत्यक्षात तो शुद्ध व्यवहार होता. वेग वाढला की बोर्ड आडवा घालून टाचेची कड दाबायची, ही नवशिक्याची उपजत प्रेरणा. मऊ बर्फात कड रुतते आणि माणूस थांबतो. कडक बर्फात ती रुतत नाही. जितकं जोरात दाबावं तितकी उसळते, आणि मग दातांच्या डॉक्टरांकडे ऐकू येतो तसला खर्रर्र आवाज होऊन माणूस कुल्ल्यावर येतो, तोही थांबलेला नाही, आधीच्याच वेगात. म्हणून चकाकणाऱ्या पट्ट्यावर बोर्ड सपाट ठेवायचा, गुडघे वाकवायचे, हात आवरायचे आणि पलीकडचा पांढरा भाग येईपर्यंत मुकाट सरकत राहायचं. वळायचं, थांबायचं, देवाला बोलवायचं, ते सगळं पांढऱ्यावर.

"सफेद में काम, चमक पे आराम," उस्तादांनी सूत्र सांगितलं. तपकिरी रंगाबद्दल ते काही बोलले नाहीत. तिथे दगड होते.

आता, जो मनुष्य चाळीस वर्षं पुण्याच्या रस्त्यांवर दुचाकी चालवत आला आहे, त्याला 'काही करू नका' हे सांगून जमेल का? आमचं जगणंच दोन बोटं ब्रेकवर ठेवून झालेलं. त्यात आणखी एक छळ : स्नोबोर्डवर वजन पुढच्या पायावर हवं, म्हणजे दरीकडे. सगळं शरीर डोंगराकडे झुकायला बघत असतं, कारण डोंगर ओळखीचा असतो. मागे झुकलं की बोर्डचं नाक हलकं होतं, वळण लागत नाही, वेग वाढतो, म्हणून माणूस आणखी मागे झुकतो. "मामा, पुढे!" भाची खालून ओरडे. मी पुढे होई. मनानं.

पडण्याच्याही दोन तऱ्हा. चवड्याची कड अडकली तर माणूस तोंडावर, म्हणजे गुडघे आणि तळवे. तिथे मुठी मिटून पडायचं, बोटं वाचतात. टाचेची अडकली तर पाठीवर, आणि ती इतक्या चपळाईनं की आधी आभाळ दिसतं आणि कारण नंतर समजतं. हेल्मेटला मी त्या सकाळी मनोमन नमस्कार घातला.

अशाच एका आभाळदर्शनात वरून एक माकडटोपी डोकावली. टूरबरोबर आलेल्या एक काकू होत्या, हातात चिवड्याची पिशवी.

"पडलात का हो?"

"हो."

"मुद्दाम, की असंच?"

"असंच."

"पैसे घेतात याचे?"

मी आकडा सांगितला. काकूंनी चिवडा खायचा थांबवला. "अहो, त्यापेक्षा स्लेज करा. तोही पाडतोच, पण निदान बसलेलं असताना."

याच सुमारास स्कीवाल्यांच्या एका शिक्षकानं उस्तादांना काश्मिरीत काहीतरी सुनावलं. अर्थ हातवाऱ्यांवरून कळला. आडवा बोर्ड घालून घसरणारा नवशिका उतारावरचा उरलासुरला मऊ बर्फ खरवडून खाली नेतो आणि मागे काच ठेवतो, ही स्कीवाल्यांची स्नोबोर्डवाल्यांविरुद्धची जुनी तक्रार. एरवी तिच्यात पूर्वग्रह पुष्कळ असतो. अमेरिकेत सुरुवातीला बहुतेक ठिकाणी स्नोबोर्डला मज्जावच होता. व्हरमाँटच्या स्ट्रॅटन डोंगरानं १९८३ मध्ये दार उघडलं, तर त्याच राज्यातल्या मॅड रिव्हर ग्लेननं ते अजून बंदच ठेवलं आहे. पण त्या सकाळी मागे वळून मी माझी वाट पाहिली, तेव्हा तक्रारीत तथ्य दिसलं. अख्ख्या मोसमात पडलेल्या बर्फातला माझ्या वाट्याचा भाग मी एका फेरीत पायथ्याशी आणून ठेवला होता.

खेळाचा जन्मही तसा निरागस. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपन नावाच्या गृहस्थानं मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकत्र जोडून दिल्या. त्यावर उभं राहिलं की टेकडी उतरता येई. पुढे जेक बर्टन कार्पेंटरनं १९७७ मध्ये व्हरमाँटमध्येच स्नोबोर्डचा कारखाना काढला. त्या राज्याचा बर्फ ठाऊक असताना तिथं असा कारखाना काढणाऱ्याच्या धीराचं मला कौतुक वाटतं.

उस्तादांचा दुसरा सल्ला पहिल्याहून मोलाचा निघाला : सकाळी येऊच नका. कडक बर्फावर सगळ्यात प्रभावी साधन म्हणजे घड्याळ. अकराच्या आसपास ऊन उतारावर चढतं आणि वरचे दोन बोटं जाडीचे कण सुटे होतात. दोन-अडीचला देवदारांच्या सावल्या पसरायला लागतात आणि जिथे सावली पोचली तिथे बर्फ पुन्हा मिटतो. म्हणजे कामकाजाच्या वेळा थेट आमच्या सहकारी बँकेच्या, आणि उशिरा पोचलेल्याला मिळणारी वागणूकही तीच. तेव्हापासून आम्ही सकाळ कहव्यावर काढू लागलो. गुलाबी, खारट नून चायही पिऊन पाहिला. भाचीला आवडला. मी तो घोट चमकणाऱ्या पट्ट्याच्या नियमानं पार केला : काही करायचं नाही, मुकाट सरकू द्यायचं.

दरम्यान भाची गोंडोलानं, म्हणजे तिथल्या रोपवेनं, वर अफरवतच्या डोंगरावर जाऊन आली. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. वर बर्फ असेल अशी तिची आशा होती. बर्फ होता. पण हलका कण वाऱ्यानं उडवून दरीत नेला होता आणि मागे टणक कवच ठेवलं होतं, मधून मधून दगडांची डोकी. खाली आल्यावर चष्मा वर करून ती एवढंच म्हणाली, "मामा, वरसुद्धा व्हरमाँटच आहे." पण चेहरा खुलला होता. पाउडरसाठी आलेले बरेच परदेशी पाहुणे वर हताश होऊन हात कमरेवर ठेवून उभे होते, आणि माहेरचा बर्फ भेटलेली ही एकटी त्यांच्यामधून खर्रखर्र करत उतरली होती. पाउडरवर तरबेज असणं आणि बर्फावर तरबेज असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त अवघड आहे, हे माझं ठाम मत आहे. कुणी विचारलेलं नाही, तरी आहे.

आणि मग एका दुपारी जमलं. कसं ते सांगता येत नाही, कारण मी काही केलंच नव्हतं. पांढऱ्यावर डावीकडे वळलो, पुढे करडा पट्टा चमकला, गुडघे वाकवले, आणि त्या एका क्षणी ब्रेक मारायचं विसरलो. आवाज थांबला. बोर्ड पट्ट्यावरून गेला, पलीकडच्या सैल कणांत शिरला, सुर्रर्र झालं आणि मी चक्क उजवीकडे वळलो. निर्णय या वेळी माझा होता. उस्तादांनी चघळणं थांबवून मान हलवली. मी आणखी एक वळण घेतलं, छाती थोडी पुढे काढली, आणि उतार संपला.

उतार संपणं ही स्नोबोर्डवाल्याची खरी शोकांतिका. सपाटीवर स्कीवाले दोन्ही हातांनी काठ्या मारत निघून जातात. आपले दोन्ही पाय एका फळीला बांधलेले, हातात काही नाही. खाली बसायचं, मागचा पाय सोडवायचा आणि लंगडत, एका पायानं ढकलत दुकान गाठायचं. मी सोडवण्यासाठी खाली बसलोच होतो, तेवढ्यात बाजूला एक स्लेज येऊन थांबली.

"बैठो साहब. सौ रुपया."

मी आजूबाजूला पाहिलं. दुकान लांब होतं, चढ होता, गुडघे संपले होते. बोर्ड मांडीवर आडवा घेतला आणि बसलो. निम्म्या वाटेत काकूंची स्लेज समोरून आली. काकूंनी माकडटोपी वर सरकवून नीट पाहून घेतलं आणि स्लेजवाल्याच्या खांद्यावरून शेजारच्या बाईंना सांगितलं, "मी म्हटलं नव्हतं?"

दुकानात बोर्ड परत करण्याचा विधी असतो. मालक तो उलटा करून खिडकीशी नेतो आणि बूड तपासतो. दगडाचा नवा ओरखडा निघाला की भाड्यावर भुर्दंड. मी याला तयार होतो. बोर्ड घेतानाच मोबाइलवर बुडाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. पुणेकर आहे.

मालकानं ओरखड्यांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. "ये पुराना... ये भी पुराना... ये पिछले साल एक ऑस्ट्रेलियावाला लाया था..." बोट थांबलं. "ये नया है."

मी फोटो पुढे केला. त्यानं तो मोठा करून पाहिला, बोर्ड पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. फोटोत ओरखडा नव्हता. पुरावा माझाच होता आणि माझ्याविरुद्ध होता.

"पण हा लागला कुठे?" मी म्हटलं. "आम्हाला तर जाणवलंही नाही."

"चायवाले के सामने, बाएँ हाथ को, एक पत्थर है," तो शांतपणे म्हणाला. "सबको वहीं लगता है. पाँच सौ."

"सगळ्यांना तिथंच लागतो, तर तो दगड काढत का नाही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं, आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं.