स्टेपलरवाले

छत्तीसगडच्या नव्या रायपुरात सगळं समोरून बघायचं असतं. ऐसपैस रस्ते, मंत्रालय, सेक्टरांच्या पाट्या, जंगल सफारी. ज्यांच्या शेतांवर हे उभं राहिलं ती राखी, कयाबांधा, नवागावसारखी गावं बघायची तर मोठा रस्ता सोडून आत वळावं लागतं. ३ जानेवारी २०२२ला मात्र गावंच बाहेर आली. २७ गावांतले शेतकरी वाढीव मोबदला, घराचे पट्टे आणि रोजगार मागत विकास प्राधिकरणाच्या दाराशी धरणं धरून बसले, ते महिनोन्‌महिने.

अशा वेळी इथल्या फ्लॅटवाल्या मराठी माणसाची मोठी पंचाईत होते. आपला बेडरूम-हॉल त्यांच्याच धानाच्या खाचरात उभा. घोषणा द्यावी तर घशात अडकते, गप्प बसावं तर मनाला टोचते. मग उरतो तो पाठिंबा.

पाठिंबा देणाऱ्यांच्या दोन जाती. एक पाठीशी उभी राहते, दुसरी पाठीवर बसते. दुसरीतला माणूस लांबूनच ओळखू येतो. आल्या आल्या तो विचारतो, ‘तुम्ही कोर्टात का नाही गेलात?’ जणू बासी भात खाऊन उन्हात बसलेल्या म्हातारीला कोर्ट नावाची चीज आजच कळणार असते. मग ‘दोनच मिनिटं’ म्हणून माईक घेतो, आणि माईक परत येईस्तोवर चहा निवतो.

पहिल्या जातीतली माणसं मांडवाच्या कडेला बसतात. जवळ पिशवी. पिशवीत स्टेपलर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, बी-वन आणि खसरा या जमिनीच्या कागदांच्या झेरॉक्स. खसऱ्यातलं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका मात्रेचा फरक पडला की अर्ज परत येतो, म्हणून ही माणसं चष्मा कपाळावर चढवून मात्रा तपासत बसतात. अर्ज दिल्यावर पोच घ्यायची, पोचेवर शिक्का उमटलाय का बघायचं, आणि मूळ प्रत ज्याची त्याला परत द्यायची. या कामाचा फोटो येत नाही. आला तरी त्यात डोक्याचं टक्कल तेवढं दिसतं.

मागे राहण्याचाही एक तोरा असतो, हे कबूल केलं पाहिजे. ‘आपलं नाव कुठे येऊ देत नाही बुवा मी,’ हे चारचौघांत, जरा मोठ्यानंच सांगणारे आपल्या ओळखीत असतातच.

या तोऱ्यावर उतारा हवा असेल तर रायपूरहून चांपाची गाडी धरावी. सदाशिवराव कात्रे रेल्वेतले नोकरदार. त्यांना स्वतःला कुष्ठरोग झालेला. १९६२मध्ये त्यांनी चांपाजवळ सोठी इथे भारतीय कुष्ठ निवारक संघाचं काम सुरू केलं. १९७२मध्ये तिथे अमरावती जिल्ह्यातल्या पथ्रोटचे दामोदर गणेश बापट आले. रुग्णांच्या हातचं जेवायला लोक कचरत असत, बापट ते जेवले. सेवा म्हणजे आपण वाढायचं, असा आपला समज. तिथे मान देण्याची रीत पान मांडून बसण्याची होती. बापटांना पद्मश्री मिळाली २०१८मध्ये, म्हणजे तिथे आल्यावर ४६ वर्षांनी. आपल्या मेसेजवर अंगठा उमटायला दोन तास लागले तरी आपण फोन उलटासुलटा करून बघतो.

दुसरा धडा दल्ली राजहराचा. तिथल्या लोहखाणीतल्या मजुरांनी कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेतून, स्वतःच्या वर्गणीने आणि अंगमेहनतीने १९८३मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. बंगालकडून शिकलेसवरलेले डॉक्टर आले, राहिले. पण दवाखाना मजुरांचा तो मजुरांचाच. डॉक्टरांनी पुढे व्हायचं ते नाडी बघायला.

तेव्हा कडेला बसायचं तर कडेची शिस्त पाळावी. आपल्याजवळ काय आहे हे सांगत सुटण्यापेक्षा त्यांना काय हवंय ते विचारावं. मागतील तेवढंच न्यावं. मागणी मान्य झाली तर पेढा आपल्यापर्यंत पोहोचला नाही म्हणून रुसू नये. सल्ला मागितला तर जरूर द्यावा. बहुधा कुणी मागत नाही. स्टेपलर मात्र हमखास मागतात, आणि पिना संपलेल्या असल्या तर रागावतातही.