लायसन्सवाले साहेब

महाराष्ट्रातील कोणत्याही मोठ्या शहरात हॉटेल काढू पाहणाऱ्या माणसाला आचारी मिळण्याच्याही आधी जो गृहस्थ भेटतो, त्यास व्यवहारात ‘लायसन्सवाले साहेब’ म्हणतात. हे साहेब बहुधा वकील नसतात. परंतु वकिलांच्या सहवासात त्यांची इतकी वर्षे गेलेली असतात की ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ यांच्या मदतीशिवाय त्यांना चहासुद्धा मागवता येत नाही.

त्यांची विद्वत्ता कायद्याच्या अर्थापेक्षा कागदांच्या अनुक्रमात असते. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 खालील चौदा अंकी क्रमांक, महानगरपालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन दलाची ‘ना हरकत’ आणि जागामालकाचा करार यांपैकी कोणता कागद कोणाच्या आधी लागतो, हे त्यांना स्वतःच्या मुलांच्या जन्मक्रमापेक्षा अधिक खात्रीने सांगता येते. स्वयंपाकघरात एकूण 100 किलोपर्यंत गॅस ठेवण्यास स्वतंत्र परवाना लागत नाही आणि व्यापारी सिलिंडर 19 किलोचा असतो, म्हणून पाच सिलिंडरांपर्यंत साहेब प्रसन्न असतात. मालकाने सहाव्याचा विषय काढताच ते चष्मा पुसू लागतात.

कायदा सोपा झालेला मात्र त्यांना मानवत नाही. दुकाने व आस्थापनांची नोंद, जिला बाजारात आजही ‘गुमास्ता’ म्हणतात, ती 2017 च्या अधिनियमानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असल्यास केवळ ऑनलाइन सूचना देऊन भागते, ही गोष्ट ते मालकापासून लपवत नाहीत, कारण त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. फक्त ती सांगताना आवाज इतका खाली आणतात की मालक घाबरून फी आगाऊ देतो. त्यांचे खरे प्रेम महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 वर असते, कारण दारू विकण्याचा, म्हणजे ‘परमिट रूम’ चालवण्याचा परवाना याच दारूबंदीच्या कायद्याखाली मिळतो आणि पिणाऱ्यालाही त्याखालीच परवाना घ्यावा लागतो. ही विसंगती समजावून सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अद्वैत उलगडणाऱ्या शास्त्रीबुवांचे तेज येते.

त्यांच्या एका हट्टाला मात्र हसता येत नाही. मुंबईतील कमला मिल परिसरात डिसेंबर 2017 मध्ये लागलेल्या आगीत 14 जणांचा बळी गेला, आणि तेव्हापासून मागच्या दारापुढे कांद्याची पोती रचणाऱ्या मालकाशी बोलताना साहेबांच्या तोंडून ‘सदरहू’ पार गळून पडते. ‘आधी ती पोती उचला’ एवढेच अस्सल मराठी ते बोलतात.

सर्व परवाने हाती आले की साहेबांपासून सुटका झाली, अशी मालकाची समजूत असते. पण महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ नावाचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते; त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी मालक पेढा पुढे करतो तेव्हा साहेब तो तोंडात टाकतात, अग्निशामक नळकांड्यावरची तारीख डायरीत टिपून घेतात आणि उरलेल्या कामाची फी जुलैच्या फीसोबत दिली तरी चालेल, असे उदारपणे सांगतात.