भिंत टिकेल, तुमचं बघा

मुलुंडच्या एलबीएस रोडवरून आपण भट्ट्या, भोंगे आणि धूर हद्दपार केले आणि त्या जागी टॉवर उभे केले. पण भट्टीची मळी मागच्या दाराने घरात शिरलीच. झोतभट्टीत वितळलेल्या लोखंडावर तरंगते ती मळी, म्हणजेच स्लॅग. पाण्याचा मारा करून ती झटकन थंड केली की तिचे वाळूसारखे दाणे होतात, आणि ते दळून सिमेंटमध्ये घालतात. रायगडातल्या डोलवीला पोलाद कारखान्याच्या शेजारीच हे दळण चालतं. आयएस 455 या मानकानुसार स्लॅग सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के मळी चालते.

ही मळी आगीला पुरून उरते. साध्या सिमेंटमधला चुना चार-पाचशे अंशांना पाणी सोडतो. आग विझली की तोच चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि काँक्रीटला तडे जातात. मळी यातला बराचसा चुना आधीच खाऊन टाकते. एवढंच नाही, वितळलेल्या मळीचे तंतू काढून भट्टीभोवती लपेटायची लोकरही करतात.

थोडक्यात, भिंतीने आपलं काम चोख केलंय. आता सोसायटीचं बघू. जिन्यात चपलांचं रॅक, दोन सायकली आणि गेल्या वर्षीचं गणपतीचं मखर. फायर डोअर वारा यावा म्हणून वीट लावून उघडं. आगीत आसरा घ्यायच्या रेफ्युज एरियात वाढदिवसाचे फुगे. जानेवारीत आणि जुलैत आगीची यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', मात्र न चुकता दाखल. अख्ख्या इमारतीत खरा अग्निरोधक तो कागदच, कारण त्यावर सगळं कायम सुरक्षित असतं.

मार्च 2021 मध्ये शेजारच्या भांडुपला ड्रीम्स मॉल पेटला. वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयातले रुग्ण दगावले. इमारत पडली नाही. काँक्रीट पेटत नाही हो, पेटतं ते आपण त्यात भरलेलं सामान, आणि धुराला जिन्याची वाट आपणच मोकळी करून देतो.

तरी सर्वसाधारण सभेत 'आपलं मळीचं सिमेंट पर्यावरणस्नेही' या घोषणेला टाळ्या पडल्या आणि अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. चपलांचं रॅक हलवण्याचा विषय निघेपर्यंत निम्मे सभासद बटाटेवड्याच्या रांगेत होते. तो विषय कोरमअभावी तहकूब.